मालदीवच्या लगूनमध्ये पाण्याखालची स्कूटर: नुसती भाड्याने घ्यावी की गाइडसोबत जावं?

गाइडसोबतच जा. दुप्पट पैसे लागले तरी. आणि आईंनाही न्या. त्यांच्यासाठी थोडी वेगळी तयारी लागेल, ती पुढे सांगते.

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत तुम्ही, बायको आणि 61 वर्षांच्या आई असे तिघं मालदीवमधल्या एका लोकवस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये उतरणार आहात. तुम्हाला स्विमिंग पूलमध्ये पोहता येतं, समुद्रात कधी उतरलेला नाहीत. आईंना तरंगता येतं, तेवढंच. गेस्ट हाऊसवाल्यांनी दोन पर्याय दिलेत: अर्ध्या तासासाठी नुसती स्कूटर (हातात धरायचं, पाण्यातून ओढून नेणारं बॅटरीवरचं यंत्र), किंवा गाइडसोबत दीड तासाची फेरी. दोन वर्षांपूर्वी दक्षिण माले अटोलमधल्या एका लहानशा बेटावर आम्ही हे दोन्ही केलं, तेही याच क्रमाने. सोबत बाबा होते, वय 63, दोन्ही गुडघे दुखरे. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी तिथलं पाणी कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे स्कूटर कशासाठी हवी ते कळेल. शाळेत आपण कंकणद्वीप शिकलो ना, तेच हे. जगभर वापरला जाणारा अटोल हा शब्दच मुळात तिथल्या दिवेही भाषेतला आहे, अतोळु. बेटाभोवती उथळ पाणी, म्हणजे लगून. त्याच्या बाहेरच्या अंगाला प्रवाळाची कड. आणि कडेपलीकडे भिंतीसारखा उतार, जिथे पाणी एकदम गडद निळं होतं. फोटोत जो फिकट हिरवा-निळा रंग बघून आपण तिकीट काढतो, तो रंग दिसतो कारण खाली पांढऱ्या वाळूशिवाय जवळपास काही नसतं. मास्क लावून किनाऱ्यावरून आत गेलेल्या माणसाला पहिली वीस मिनिटं वाळू, एखादी समुद्रकाकडी आणि स्वतःची सावली, एवढंच दिसतं. पुष्कळ लोक तिथूनच परत फिरतात आणि मालदीवमध्ये काही नाही असं सांगत सुटतात. खरी वस्ती कडेला असते. काही बेटांवर ही कड किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर असते. आमच्या बेटावर ती जवळजवळ तीनशे मीटर लांब होती. जाऊन-येऊन सहाशे, वर कडेकडेने फिरायचं ते वेगळंच. पुलात पोहणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांत तिथे पोचेपर्यंत गोळे येतात. हे मधलं वाळवंट पाय न दमवता ओलांडायला स्कूटर हवी.

यंत्रं दोन जातींची असतात. मोठ्या रिसॉर्टवर सीबॉबसारखी, तीस किलोच्या घरातली, छातीखाली धरून त्यावर ओणवं व्हायचं. पाणी आत ओढून मागे जोरात फेकते, भलतीच वेगवान. गेस्ट हाऊसमध्ये बहुतेक वेळा छोटी मिळते: तीन-चार किलोची, दोन्ही हातांत धरायची, दोन बाजूंना जाळीत दोन पंखे. दोन्ही बटणं दाबून धरली तरच चालते, एकावरचं बोट निघालं की थांबते. वेग साधारण ताशी पाच किलोमीटर, म्हणजे आपलं जरा झपाझप चालणं. बॅटरी सतत वापरली तर अर्धा तास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, आमचं गणित तिथेच चुकलं.

पहिल्या सकाळी मी आणि माझा भाऊ, आम्ही किनाऱ्यावरच्या एका दुकानातून दोन स्कूटर घेतल्या. दुकानदाराने बटणं दाखवली, लाइफ जॅकेटं दिली, झालं. कडेपर्यंत मजेत पोचलो. तिथून डावीकडे वळलो आणि इतकं अलगद निघालो की हात नुसते पुढे धरायचे, खालून प्रवाळ सरकत जातंय. दहा-बारा मिनिटांनी वळलो तेव्हा खालचं प्रवाळ सरकेना. यंत्र तसंच गुणगुणत होतं, पण एकाच पिवळ्या दगडाकडे मी बराच वेळ बघत होते. जाताना आम्हाला प्रवाहाने नेलं होतं. प्रवाह ताशी अडीच किलोमीटरचा धरा. जाताना पाच अधिक अडीच, येताना पाच वजा अडीच. म्हणजे दहा मिनिटांचं अंतर परत यायला तीस मिनिटं, त्यात लाइफ जॅकेट पाणी अडवतं ते आणखी वेगळं. बॅटरीचा दिवा लाल झाला, मग विझला. भावाची माझ्या आधी विझली. नशिबाने त्याने कडेचा नाद सोडून सरळ बेटाच्या दिशेने, लगूनच्या आत पाय मारायला सुरुवात केली. आत प्रवाह जवळजवळ नव्हताच. थोड्या वेळाने पायाखाली वाळू लागली, आणि छातीभर पाण्यातून मेलेल्या स्कूटर ओढत आम्ही पाऊण तास चालत आलो. बाबा किनाऱ्यावर उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त दोघांच्या हातातली यंत्रं काढून घेतली आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या.

म्हणून सांगते, स्कूटरचा खरा धोका पंख्यांत नाही. तुमच्या अंगात परत यायचं बळ आहे त्याच्या कितीतरी पुढे ती तुम्हाला नेऊन सोडते. आपण पोहत जातो तेव्हा दम लागतो आणि दमच सांगतो, आता वळ. इथे दम लागतच नाही.

तिसऱ्या दिवशी गाइडसोबत गेलो. पंचविशीतला मुलगा, त्याच बेटावर जन्मलेला. त्याने आदल्या संध्याकाळीच बोलावून भरती-ओहोटीच्या वेळा दाखवल्या आणि सकाळचे सव्वानऊ ठरवले. कारण असं: ओहोटीला कडेवर पाणी इतकं कमी होतं की प्रवाळाला पोट घासतं, आणि भरती शिगेला पोचली की थोडा वेळ प्रवाह मंदावतो. तो मंद वेळ धरायचा. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको, उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) तिथेही आहेच. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ तुमची तारीख येत असेल तर प्रवाह जोरात असेल, एवढं धरून चला.

शिवाय तो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने आधी नेतो. बॅटरी भरलेली असताना चढण, संपत आली की उतार. त्याच्या कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी तरंगता बोया होता, त्याला चार कड्या. कोणी दमलं की बोया धरायचा. बोटीवाल्यांना आम्ही कुठे आहोत ते त्याच बोयावरून दिसतं. बॅटरी निम्मी झाली की कोणाचंही ऐकून न घेता तो वळायचा. दुपटीचे पैसे या गोष्टींचे असतात.

आता मुख्य गोष्ट. कडेपासून वीसेक मीटरवर आल्यावर त्याने मूठ वर केली, म्हणजे यंत्र बंद. आम्हाला वाटलं काहीतरी बिघडलं. त्याने कानाकडे बोट दाखवलं. स्कूटरची गुणगुण थांबली आणि आवाज आला. कुर्र, कुर्र, टक. कोणीतरी शेजारच्या खोलीत चणे खातंय तसा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतोय ते कळत नाही, सगळीकडून येतो. ते पोपट मासे होते. हातभर लांब, हिरवट-निळे, तोंडाला खरोखर चोच. मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना ते दगडाचाही लचका तोडतात, आत दळतात, आणि बारीक वाळू करून मागे सोडतात. माझ्यासमोर एकाने ती सोडली, पांढऱ्या धुराची रेघ ओढावी तशी, आणि ती सावकाश खाली बसली. किनाऱ्यावर आम्ही तीन दिवस जिच्यात पाय घोळवत होतो ती वाळू अशी बनते. 2015 साली छापून आलेल्या एका अभ्यासात मालदीवमधल्या एका बेटाभोवती हे मोजलंय. तिथे तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त या माशांची होती. जो देश समुद्रापासून सरासरी दीड मीटरच वर आहे, त्याची जमीन हे मासे दळतायत.

पहिल्या दिवशी याच कडेवरून मी बटण दाबून बारा मिनिटं गेले होते आणि मला यातलं काही ऐकूही आलं नव्हतं, दिसलंही नव्हतं. स्कूटर अंतर कापायला आहे. बघायचं असेल तेव्हा ती बंद हवी. चालू स्कूटर घेऊन प्रवाळाजवळ गेलात तर मासे फटीत शिरतात, पंख्यांच्या झोताने वाळू उडते आणि ती प्रवाळावर बसते. मागून येणाऱ्यालाही गढूळ दिसतं. चांगला गाइड हे न सांगता करून घेतो. तुमचा गाइड कडेवरही भरधाव नेत असेल तर तुम्ही बटण सोडा, त्याला थांबावंच लागेल.

कासव दिसलं तेव्हाही तसंच. चोचवालं, हॉक्सबिल, प्रवाळात मान खुपसून काहीतरी ओढून खात होतं. वेळासला आपण बघतो ती ऑलिव्ह रिडले, हे वेगळं. भाऊ स्कूटर वळवून त्याच्या मागे निघाला तसा गाइडने भावाचा हात हलकेच धरला आणि त्याला हातभर बाजूला आणून ठेवलं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. वर माणसं आणि यंत्रं घिरट्या घालत असली की ते यायचं टाळतं. आम्ही तिघं एका बाजूला नुसते तरंगत राहिलो. पाच मिनिटांनी ते आपणहून वर आलं, माझ्यापासून दोन हातांवर. डोकं पाण्याबाहेर काढताना त्याने फुस्स केलेलं मला ऐकू आलं. मग पुन्हा खाली गेलं, त्याच प्रवाळापाशी.

जिवंत प्रवाळाला हात किंवा पाय अजिबात लावू नका, उभं राहायला तर नाहीच. गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवचं उथळ पाण्यातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. तुम्हाला जागोजागी करड्या फांद्यांचा ढीग दिसेल, तो त्याचाच. त्या ढिगावर नखाएवढी जांभळी-गुलाबी नवी फुटवं उगवलेली असतात. गाइडने ती आम्हाला मुद्दाम दाखवली. लाथ बसली तर तीच आधी तुटतात.

आता आईंबद्दल. बाबांचं सांगते, त्यावरून अंदाज घ्या. बाबा वाईला कृष्णेत पोहायला शिकलेले, पाण्याची भीती नाही, पण फिन घालून पाय मारले की गुडघे दुखतात. दहा वर्षांत ते पुलातसुद्धा उतरले नव्हते. गाइडने त्यांना पहिला अर्धा तास कंबरभर पाण्यात ठेवलं. आधी नुसता मास्क लावून पालथं तरंगणं. मग नळीतून श्वास. मग नळीत मुद्दाम पाणी घेऊन जोरात फुंकून बाहेर काढणं, तेही पाच वेळा. मग पाठीवर उलटं होऊन विसावणं. हे सगळं जमल्यावर हातात स्कूटर. ती हातात आली आणि बाबांचे पाय मागे सैल पडले, गुडघ्यांना कामच उरलं नाही. कडेवर ते चाळीस मिनिटं होते. बाहेर आल्यावर ते आणि गाइड वाळूत बसून शब्दांची अदलाबदल करत होते. दिवेहीत माशाला मस म्हणतात आणि पाण्याला फेन, आपल्या पाण्याच्याच मुळातून आलेला. तीनचा शब्द तर इतका सारखा की सांगायलाही लागलं नाही.

आईंना तरंगता येतं, ही मोठी गोष्ट आहे. पण स्कूटरला तरंगण्याचं साधन समजू नका. हातातून सुटली तर बहुतेक मॉडेल वर तरंगतात, माणसाला मात्र पेलत नाहीत. आईंना लाइफ जॅकेट असू द्या, आणि गाइडला सांगा की त्यांना बोयाला धरून तू ओढ. आमच्यासोबत एका बाईंना त्याने तसंच नेलं होतं, त्यांच्या हातात स्कूटर दिलीच नाही. त्यांनाही कासव तितकंच दिसलं. आईंना बीपी किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण नळीतून श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो आणि घाबरल्यावर तो आणखी वाढतो. दम लागला की पुढे जायचं नाही, पाठीवर वळायचं, नळी काढायची. हे तिघांनीही आधी ठरवून ठेवा.

तुमच्यासाठी आणि बायकोसाठी काही गोष्टी. स्कूटरचं तोंड खाली केलं की ती दोन सेकंदांत दोन-तीन मीटर खाली नेते, आणि कान लगेच दुखतात. नाक धरून हळूच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी. दोन्ही हात बटणांवर असताना नाक धरता येत नाही, म्हणून छोट्या स्कूटरवर खाली जायचंच असेल तर एक हात सोडायचा, यंत्र थांबेल, कान मोकळे करायचे, मग पुढे. सर्दी असेल तर वरच राहा. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारू नका, कधीच नाही. त्याने श्वास घ्यायची इच्छा दबते आणि माणूस वर येताना शुद्ध हरपू शकतो. पुलात चांगलं पोहणारी तरुण मुलंच यात सापडतात. रिसॉर्टच्या मोठ्या यंत्रांना खोलीची मर्यादा लावून ठेवता येते. ती अडीच मीटरवर ठेवायला सांगा.

बायकोला आणि आईंना सांगा: मंगळसूत्र, चेन, लांब कानातले खोलीवर ठेवून या. केस घट्ट बांधून टोपीखाली. टी-शर्टची नाडी, जॅकेटचा लोंबता पट्टा आत खोचा. पंख्यांना जाळी असते, पण केस आणि दोरी जाळीतून आत जाते. लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट) घ्या. पाठ भाजत नाही, सनस्क्रीन कमी लागतं, आणि लोकवस्तीच्या बेटांवर बिकिनी बीच सोडून इतरत्र अंगभर कपडे घालावेच लागतात, तेही साधतं. तुम्हाला मिशी असेल तर नाकाखालची वरची कड थोडी कमी करा, नाहीतर मास्कमध्ये पाणी येत राहतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा.

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. डिसेंबर ते एप्रिल तिथे ईशान्येचा वारा, तिथले लोक इरुवाय म्हणतात. समुद्र शांत, पाणी स्वच्छ. मालवणला स्नॉर्केलिंग केलं असेल तर ती तुलना मनात ठेवू नका. तिथे चार-पाच मीटर दिसलं तरी छान वाटतं, इथे वीस-पंचवीस मीटर दिसतं, आणि त्यामुळेच अंतराचा अंदाज चुकतो. मुशी, म्हणजे शार्क, दिसतील, काळ्या टोकाच्या पंखाच्या छोट्या. मालदीवने 2010 मध्ये मुशीच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली होती, त्यामुळे त्या किनाऱ्याजवळही बिनधास्त फिरतात. माणसाला बघून त्याच वळतात. वाळूत पाय टाकताना तो घासत टाका, पाकट असेल तर बाजूला होईल.

स्वतःची छोटी स्कूटर विकत घेऊन न्यायचा विचार असेल तर बॅटरीवर वॅट-अवर किती लिहिलंय ते बघा. 100 पर्यंतची केबिनच्या बॅगेतून नेता येते, 100 ते 160 मधली विमान कंपनीची परवानगी घेऊनच, त्यावरची प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत. मी तरी एका सहलीसाठी घेणार नाही.

बुकिंग करताना गेस्ट हाऊसवाल्यांना एवढं विचारा: एका गाइडमागे किती माणसं (चारपेक्षा जास्त असतील तर नको म्हणा), बोया असतो का, वेळ भरती बघून ठरवतात की रोज दहाची ठरलेली, आणि सोबत बोट आहे की किनाऱ्यावरून जायचं. रोज दहाचीच वेळ सांगितली तर शेजारच्या दुसऱ्या गेस्ट हाऊसमध्ये विचारा, लहान बेटावर सगळं पाच मिनिटांच्या अंतरावर असतं. फेरी पहिल्या दिवशी ठेवू नका. पहिल्या संध्याकाळी तिघंही कंबरभर पाण्यात मास्क लावून नुसते तरंगा, आईंना नळीत पाणी घेऊन फुंकायला लावा. ते त्यांना सहज जमायला लागलं की दुसऱ्या दिवसाचं ठरवा.